फायबर तुटायच्या आधीचा आवाज

हा आवाज ऐका. चट... चट चट... मग शांत... परत चट.

पवईतल्या एका लॅबमध्ये मशीनच्या दोन जबड्यांत एक पट्टी अडकवलीये, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा लहान, काचेचे धागे आणि इपॉक्सी रेझिनची (रेझिन म्हणजे धाग्यांना धरून घट्ट होणारा चिकट पदार्थ), आणि मशीन ती दोन्हीकडून ओढतंय, एका मिनिटाला एक-दोन मिलिमीटर इतकं हळू. बघायला गेलं तर पट्टी अजून अख्खी आहे, पण आत तुटायला सुरुवात झालीये. स्टुलावर बसलेली ही संशोधक त्याच्यासाठीच कान देऊन बसते. लोड किती झाला ते स्क्रीनवर येतंच, तिला हवंय ते वेगळं, आत्ता जे चटकलं ते काय होतं, धागा, रेझिन, की दोघांमधली पकड?

काच म्हटलं की आपल्याला फुटणारी वस्तूच आठवते, मग काचेच्या धाग्यांची, म्हणजे फायबरची होडी लाटा कशी झेलते? १९२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रिफिथ नावाच्या इंजिनियरने काच तापवून, ओढून बारीक बारीक धागे केले आणि प्रत्येक जाडीची ताकद मोजली. १ मिलिमीटरची काडी साधारण १७० मेगापास्कलला (मेगापास्कल म्हणजे ताण मोजायचं एकक) तुटली आणि जेमतेम ३ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट जाडीचा धागा ३,४०० पर्यंत टिकला! काच तीच हां. जाड काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी जमा होतो, आणि बारीक धाग्यावर तेवढी मोठी चीर मावतच नाही. साधं स्टील ४०० च्या आसपास तुटतं, त्यावरून अंदाज करा.

पण नुसता धागा म्हणजे दोरीच झाली, ओढायला चांगली, ढकललं की वाकते. म्हणून रेझिन. लालबाग-परळला गणपतीच्या कारखान्यात कधी उभे राहिला असाल तर प्लास्टरमध्ये काथ्या भिजवून साच्यात थापताना बघितलं असेल, नुसत्या प्लास्टरला चीर गेली की तुकडा सरळ हातात येतो, काथ्या असेल तर चीर पडते पण तुकडा लोंबकळत राहतो, पडत नाही. दोन वेगळ्या वस्तू एकत्र करून केलेल्या अशा मालाला कंपोझिट म्हणतात, आपली पट्टी तशीच आणि ते प्लास्टर पण कंपोझिटच.

आणि दिशा. बुरूड बांबू उभा फाडतो तेव्हा कोयत्याला फार जोर लागत नाही, आडवा तोडायला मात्र घाम निघतो. या पट्टीचंही तसंच आहे, धाग्यांच्या दिशेने ओढली तर हजाराच्या घरात मेगापास्कल, आडवी ओढली तर तीस-चाळीसमध्येच संपली, कारण तिथे धागे कामालाच येत नाहीत, सगळा भार रेझिनवर आणि पकडीवर. म्हणून थर एकावर एक वेगवेगळ्या दिशांनी रचतात.

आता धागा आणि रेझिनमधली पकड, त्या संशोधकाचा खरा विषय. आपल्याला वाटतं पकड जितकी घट्ट तितकं चांगलं, मलाही तसंच वाटत होतं. पण फार घट्ट असली तर रेझिनमधली चीर धाग्यापाशी येते आणि न थांबता धागा कापून पुढे जाते, पट्टी काचेसारखी एका फटक्यात जाते, आधी काही आवाज नाही की काही नाही. फार ढिली असली तर भार धाग्यापर्यंत पोचतच नाही. मधे कुठेतरी एक जागा आहे जिथे चीर धाग्यापाशी येऊन वळते, धाग्याच्या कडेकडेने पळते, धागा रेझिनमधून घासत बाहेर ओढला जातो, आणि या घासण्यातच खूप ऊर्जा खर्च होते. ती मधली जागा सापडावी म्हणून काचेच्या धाग्यावर आधीच सिलेनचा, म्हणजे काच आणि रेझिन जोडणाऱ्या रसायनाचा, एक पातळ लेप असतो, आणि ते चटचट आवाज म्हणजे ही सगळी झटापट चाललीये, पट्टी तुटायच्या खूप आधी.

लॅबच्या कोपऱ्यात मिठाच्या पाण्याचा टब आहे, ६० अंशांवर. त्यात पट्ट्या आठवडेच्या आठवडे पडून असतात, ती एकेक बाहेर काढते, पुसते, वजन करते, परत टाकते. पाणी आत जातं पण घाईत नाही, दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो, आणि एकदा आत गेलं की रेझिन मऊ पडतं आणि धाग्यावरची पकड सुटायला लागते. कंटाळवाणं काम वाटेल, मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं, कारण समुद्रात वर्षानुवर्षं जे होतं ते इथे काही महिन्यांत बघायला मिळतं.

वर्सोव्याच्या खाडीत आता लाकडी होड्यांच्या बाजूला फायबरच्या होड्याही असतात. पावसाळी बंदीत त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा ती इथे येते. एक काका बोटाच्या पेराने होडीच्या बुडाला टक टक करत पुढे सरकतायत, बाजारात मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसं. टक... टक... टक... थप. थर सुटला की आवाज बसका येतो. काका तिथे खडूने गोल काढतात.

"पोरी, इथून पाणी गेलंय बघ."

ती गुडघ्यावर बसते आणि त्याच जागी कान लावते.