पताका कोणत्या कागदाची?

(मुलांच्या वाचनाविषयी दिलेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित पालक, शिक्षक आणि ग्रंथपालहो, भीतीची पुस्तके मुलांच्या हाती का द्यावीत, असा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे आणि त्याचे उत्तर मी देणार आहे. त्याआधी मात्र एका पुस्तकाविषयी आणि एका कागदाविषयी मला सविस्तर बोलू द्यावे, कारण माझे उत्तर त्या कागदातूनच निघाले आहे.

रेना टेलगेमायर यांची ‘घोस्ट्स’ ही चित्रकादंबरी २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला चित्रकथांसाठी दिले जाणारे आयस्नर पारितोषिक बालवाचकांच्या गटात मिळाले. आपल्यापैकी अनेकांनी ती वाचलेली असेल, म्हणून कथानक थोडक्यात सांगते. कॅट आणि माया या दोन बहिणी. धाकट्या मायाला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. त्यात फुफ्फुसांतला स्राव चिकट आणि घट्ट होतो आणि श्वास घेणे हेच रोजचे काम होऊन बसते. तिला हवा मानवावी म्हणून हे कुटुंब उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका धुकट, वाऱ्याच्या गावात राहायला येते. त्या गावात भुते आहेत आणि त्यांना श्वासाची ओढ आहे. मायाला त्यांना भेटण्याची उत्सुकता आहे, कॅट मात्र त्यांचे नाव काढले तरी बिथरते. भुतांच्या पाठीमागे तिला कोणती गोष्ट दिसते हे लेखिकेला फार सांगावे लागत नाही. दहा वर्षांच्या वाचकाला ते आपोआप कळते. जुन्या मिशनच्या, म्हणजे स्पॅनिश ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या ठाण्याच्या, इमारतीत भुतांशी गाठ पडते, मायाचा दम तुटतो आणि तिला रुग्णालयात न्यावे लागते. तिथून गोष्ट ‘दिया दे लोस मुएर्तोस’कडे, म्हणजे मृतांच्या दिवसाकडे, जाते.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी घरोघरी चौरंग मांडावा तशी मांडणी करतात; पहिला दिवस बालपणी गेलेल्यांचा, दुसरा मोठ्यांचा. त्या मांडणीवर आणि गल्लोगल्ली ‘पापेल पिकादो’च्या, म्हणजे नक्षी कापलेल्या कागदाच्या, पताका लावतात. पुएब्ला राज्यातले सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर पातळ कागदाचे कितीतरी ताव एकावर एक रचतात, वर नक्षीचा आराखडा ठेवतात आणि छिन्नी-हातोडीने एकाच वेळी सगळे कापून काढतात. या कागदाला तिथे ‘चिनी कागद’ म्हणतात. त्या मांडणीत पाणी असते, मेणबत्तीच्या रूपाने अग्नी असतो, आणि वारा असतो तो या पताकांच्या रूपाने. पताका हलली की कोणीतरी येऊन गेले, असे मानतात. झेंडूच्या पाकळ्यांची वाटही घालतात. जाता जाता सांगते, आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.

आता त्या कागदाची हकीकत. एका शाळेने मला पाचवीच्या मुलांसाठी या पुस्तकावर कार्यशाळा घ्यायला बोलावले होते. आधी मुखपृष्ठावरच्या नावावरूनच हरकत निघाली. पालक विचारतील, या धास्तीने पुस्तक आठवडाभर कपाटात कुलूपबंद राहिले आणि शेवटी, गोष्ट वाचू नये, ‘फक्त क्राफ्ट’ घ्यावे, असा तोडगा निघाला. मी सामानाच्या यादीत पतंगाचा कागद, बोथट टोकाच्या कात्र्या, सुतळी आणि खळ असे लिहून दिले होते. वर्गात गेले तेव्हा प्रत्येक मुलापुढे एक पाकीट होते. त्यात कार्डशीटची आधीच कापलेली कवटी आणि डोळ्यांच्या जागी चिकटवायला दोन चकाकत्या टिकल्या होत्या. पतंगाचा कागद फाटतो, मुले हिरमुसतात आणि कार्डशीट प्रदर्शनापर्यंत टिकते, असे कारण मला सांगण्यात आले. मुलांनी वीस मिनिटांत टिकल्या चिकटवल्या. आम्ही माळ खिडकीत बांधली. बाहेर पावसापूर्वीचा वारा सुटला होता, मैदानातली धूळ उडत होती, आणि आमची माळ ढिम्म हलली नाही.

मला त्याचे फार वाईट वाटले आणि आजही वाटते. ज्या गोष्टीत सगळा जीव श्वासावर टांगलेला आहे, तिच्यातून आपण मुलांच्या हाती वाऱ्याला दाद न देणारी वस्तू दिली होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाजारातून पतंगाच्या कागदाचे ताव नेले. वर्गशिक्षिकेने विनंती केली, मुख्याध्यापकांनी ती मान्य केली, आणि तिने आपली तासिका मला दिली. त्यांचे हे ऋण मी विसरणार नाही. मी गोष्ट वाचून दाखवली. “त्यांच्याकडे कावळा शिवतो का?” असे एका मुलीने विचारले, वर्ग हसला, पण प्रश्न नेमका होता, येणारा आला हे कशावरून ओळखायचे, हेच तिला विचारायचे होते.

खिडकीजवळ बसलेल्या एका मुलाच्या दप्तरात दम्याचा पंप होता. “बाई, मायाकडे पंप नाही का?” असे त्याने विचारले. तिला औषधे आहेत, वाफही घ्यावी लागते, पण तिचा आजार वेगळा आहे, असे मी सांगितले. तो काही बोलला नाही. कागदाची घडी घालून तो कापू लागला. पहिला ताव फाटला. दुसऱ्यात त्याने भोके लहान ठेवली आणि दोन भोकांमध्ये बोटभर कागद राखला. घडी उलगडली, पताका नाकासमोर धरली आणि अगदी सावकाश श्वास सोडला. कागदाचा खालचा काठ उचलला गेला. त्याने आणखी हळू सोडला, तरीही उचलला गेला. “एवढ्याशानेसुद्धा हलते,” तो म्हणाला. मग त्याने पुस्तक मागून घेतले, मायाचा दम तुटतो ती पाने काढली, आणि तास संपेपर्यंत ती मागेपुढे करून वाचत राहिला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पत्रिकेतल्या प्रश्नाकडे येते आणि माझे म्हणणे भरभर मांडते.

भीती मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक असते. घरातले आजारपण आणि दाराआड हलक्या आवाजात चाललेले बोलणे त्यांना कळत असते. चित्रपट त्यांच्यासाठी थांबत नाही. चित्रकादंबरीत मात्र पान कधी उलटायचे हे मूल ठरवते, नको त्या चित्रावर हात ठेवू शकते आणि हवे तेव्हा परत येऊ शकते.

हाताने कापताना तर हे आणखी पक्के होते. भोके जास्त पाडावीत तशी पताका हलकी होते, पण फार पाडली तर फाटते. किती कापायचे आणि किती राखायचे याचा निर्णय मुलाच्या बोटांत असतो. म्हणून हस्तकला गोष्टीच्या गाभ्यातून निघाली पाहिजे, आणि कागद कोणता घ्यायचा हा प्रश्न खरेदीच्या यादीवर सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

एक आक्षेपही सांगितलाच पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांत मूळ रहिवाशांचे अतोनात हाल झाले, असंख्य लोक तिथे मेले. पुस्तकातली मिशनची आनंदी भुते ते दाखवत नाहीत. ही टीका मला योग्य वाटते. मोठ्यांनी तेवढा इतिहास शेजारी बसून सांगावा आणि मग पुस्तक द्यावे.

मागच्या टेबलावर पतंगाचे कागद आणि कात्र्या ठेवल्या आहेत. आयताकृती ताव घ्यावा, वरची दोन बोटे पट्टी सुतळीसाठी सोडावी, उरलेल्याची उभी घडी दोनदा घालावी आणि घडीच्या कडेवरूनच कापावे. कृपया कोणीतरी पंखे बंद करावेत.