नाण्याची तिसरी बाजू

नाणं म्हटलं की छापा आणि काटा. तिसऱ्या बाजूकडे सहसा कुणी बघत नाही. म्हणून हे नाणं आज उभं धरूया.

अमेरिकेचा चांदीचा अर्धा डॉलर. वजन साधारण साडेतेरा ग्रॅम. सावकाश फिरवलं, की कडेवर अक्षरं वाचता येतात: 'फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर'. १७९४पासून १८३६पर्यंत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत असेच अर्धे डॉलर बनत होते. पूर्ण डॉलरच्या कडेवरचा मजकूर वेगळा: 'हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट'.

ही हौस नव्हती. नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत, आणि कड कातरून चांदी चोरणारे जगभर होते. कडेवर अक्षरं असली, की कातरलेलं लगेच उघडं पडायचं.

अक्षरं उमटायची ती ठप्पा मारण्याआधी, कोऱ्या चकतीवर. कास्तँग नावाच्या फ्रेंच माणसाची ही युक्ती. दोन समांतर पोलादी पट्ट्या, एक पक्की, एक सरकणारी. अर्धे शब्द हिच्यावर, अर्धे तिच्यावर. मध्ये चकती ठेवायची, दांडा फिरवायचा. चकती अर्धा फेरा गडगडली, की दोन्हीकडून मजकूर पुरा.

आता इथं बघा, अगदी जवळून. एका अक्षराच्या अंगावर दुसरं अक्षर चढलंय. चकती पट्ट्यांमध्ये घसरली, आणि शब्द एकमेकांत घुसले. कुठं मधलं अक्षरच गायब, कुठं चकती दोनदा फिरल्यामुळे सगळी ओळ दुहेरी. दांड्यावर कुणाचा हात होता, त्याची नोंद नाही. पण तो हात चुकला तो क्षण चांदीत जसाच्या तसा राहिलाय. मला छाप्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेपेक्षा ही चूक जास्त जिवंत वाटते.

सगळंच चुकीतून आलेलं नाही. १८०९च्या काही अर्ध्या डॉलरांवर शब्दांच्या मधल्या जागेत उभ्या रेघा आहेत, काहींवर फुल्या. हे मुद्दाम केलेले फरक. संग्राहक ते वेगळे प्रकार म्हणून जपतात. आणि अशी नाणी सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत गेली की बऱ्याचदा कडच झाकली जाते, याचं खरंच वाईट वाटतं.

कडेची साक्ष किती पक्की असते, ते १८०४च्या डॉलरनं दाखवलं. हे डॉलर १८०४मध्ये बनलेच नाहीत. १८३४मध्ये मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना भेट द्यायला नाण्यांचे संच हवे होते, तेव्हा ते पाडले आणि त्यांच्यावर जुनं साल घातलं. अक्षरं जुन्याच पद्धतीनं उमटवली, पण ठप्पा मारताना चकतीभोवती घट्ट पोलादी रिंग होती. तिच्या दाबानं अक्षरं चेपली. १८०३पर्यंतच्या डॉलरांना अशी घट्ट रिंग नव्हती, त्यामुळे त्यांची अक्षरं अशी चिरडलेली नसतात. समोरचं साल खोटं बोललं, कड बोलली नाही.

पुढं १८५८च्या सुमारास टांकसाळीतूनच १८०४ साल घातलेले आणखी डॉलर गुपचूप बाहेर पडले. त्यातला एक १८५७च्या स्विस नाण्यावरच ठप्पा मारून केलेला. तो आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याची कड फिरवून बघितली तर एकही अक्षर सापडत नाही. ती पूर्ण कोरी आहे.