मत दिलं, पुढं काय? अराजकवाद्यांचं भांडण आणि आपला सीमाभाग

नमस्कार मंडळी. १९९६ ची लोकसभा आठवणारे इथं बरेच दिसतायत, केस पांढरे झालेत म्हणून म्हणतो. त्या वर्षी आपल्या बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. चारशे छप्पन. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून आपलीच माणसं घाऊक फॉर्म भरायला गेली, डिपॉझिट तेव्हा ५०० रुपये होतं, कुणी घरचे घातले कुणी वर्गणी काढली. लक्ष गेलं का? गेलं की. त्याच वर्षी कायदा बदलला, डिपॉझिट १०,००० झालं आणि अपक्षाला दहा सूचक लागायला लागले. तसं फक्त आपल्यामुळं झालं नाही, नलगोंड्यात ४८० होते आणि तमिळनाडूत मोडकुरिचीला विधानसभेसाठी हजारावर होते. पण गंमत बघा, लोक काय म्हणतायत ते राहिलं बाजूला आणि लोकांनी इतक्या संख्येनं म्हणू नये याची सोय तेवढी झाली.

आजचा विषय अराजकवाद्यांचा, म्हणजे वरनं हुकूम चालवणारी सत्ताच नको म्हणणाऱ्या युरोपातल्या प्रूधों, बाकुनिन, मालातेस्ता वगैरे मंडळींचा, निवडणुकीवरचा आक्षेप. मी हे बेळगावातनं सुरू केलं कारण ह्या लोकांचं म्हणणं पुस्तकात वाचलं की हवेत वाटतं, आणि आपल्याकडं ते रोज घडतंय.

प्रूधों हा मूळचा छापखान्यातला माणूस. १८४८ च्या जूनमध्ये पॅरिसमधनं निवडून आला, आणि महिना संपायच्या आत त्याच शहरात कामगारांनी बॅरिकेड उभे केले. ज्यांनी मतं दिली तेच रस्त्यावर, आणि ह्याला पत्ता नाही. का, तर हा सकाळी सभागृहात जायचा, समित्या, कागद, चर्चा, संध्याकाळी दमून बाहेर. पुढं त्यानं स्वतःच लिहिलं की देशाच्या स्थितीबद्दल सगळ्यात अडाणी माणसं म्हणजे देशाचे प्रतिनिधी. कुणी बाहेरनं केलेली टीका नव्हे ही, आत बसून आलेल्या माणसाची आहे, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

दुसरा एलिझे रेक्लू, भूगोलाचा मोठा पंडित. १८८५ मध्ये त्यानं पत्रात लिहिलं की मत देणं म्हणजे आपला अधिकार सोडून देणं. आता हे आपल्या भाषेत बघा. तुम्ही शेताचं मुखत्यारपत्र कुणाला दिलं आणि तो गडी उलटा वागायला लागला तर वकिलाकडं जाऊन ते रद्द करता येतं. आमदाराचं रद्द होत नाही, पाच वर्षं तो तुमच्या नावानं सही करणार, मग पार्टी बदलू दे नाहीतर काहीही करू दे. अराजकवादी म्हणतात, माणूस पाठवायचाच तर निरोप देऊन पाठवा, आणि निरोप सोडून बोलला की त्याच दिवशी परत बोलवा. हात वर करून मोजणं त्यांना चालतं, ताबा देऊन टाकणं चालत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण बरेच लोक समजतात की ह्यांना लोकशाहीच नको.

नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' ह्या बटणाचं, विचारतील म्हणून आधीच सांगतो. २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते बटण आलं, पण विधानसभा-लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी खालचा उमेदवार निवडून येतो. नाराजी नोंदवून घेतली, धन्यवाद, पुढचा माणूस या.

बरं, निरोप देऊन माणूस पाठवला तर काय होतं हे पण आपण बघितलंय. २००५ साली बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. निवडून आलेली माणसं, कायदेशीर सभा, रीतसर ठराव. राज्य सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. २०११ ला महापौर-उपमहापौर १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिवशी आपण पाळतो त्या, काळ्या दिनाला गेले म्हणून परत बरखास्त. गटारं, नळपाणी, घरपट्टी यावर तुमचं बहुमत चालेल, पण तुम्ही कुणाच्या हाताखाली राहायचं हा प्रश्न मतपेटीत टाकायचा नाही, हे बाकुनिनला समजावून सांगायला एवढं एक उदाहरण पुरलं असतं.

इथं टाळ्या नकोत, कारण आता आपल्याला टोचणारं सांगणारे.

ह्या अराजकवाद्यांतलाच कुणी आपल्या सभेला आला असता तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता, बंगळूर नको म्हणून मुंबई कशाला पाहिजे? सातबारा मराठीत मिळेल हे खरं, पोराला शाळेत स्वतःची भाषा मिळेल, ऑफिसात गेल्यावर कन्नड कागद दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची पाळी येणार नाही, ह्या काय छोट्या गोष्टी नाहीत आणि ह्या ज्यांनी भोगल्या नाहीत त्यांनी आम्हाला शिकवू नये. पण जमीन घेताना भूसंपादनाची नोटीस मराठीत आली म्हणून जमीन राहते का? हलगा-मच्छे बायपासला तिबार पिकाची जमीन जाते म्हणून शेतकरी शिवारात आडवे उभे राहिले, तेव्हा त्यांच्या उपयोगी किती आमदार-खासदार पडले ते त्यांनाच विचारा. ते स्वतः उभे राहिले आणि कोर्टात गेले.

आता उलटी बाजू. मत देऊ नका म्हणणं सोपं आहे, पण स्पेनमध्ये ते करून बघितलंय. सीएनटी ही तिथली अराजकवादी कामगारांची प्रचंड मोठी युनियन, १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जोरात प्रचार केला की मतदान करू नका. उजवे निवडून आले. हरायची कारणं बाकी पण होती, डावे एकमेकांत फुटले होते, पण पुढची दोन वर्षं दडपशाही, हजारो माणसं तुरुंगात. १९३६ च्या फेब्रुवारीत परत निवडणूक आली आणि डाव्या आघाडीनं कैद्यांना सोडायचं वचन दिलं, तेव्हा सीएनटीनं बहिष्काराचा आवाज गुपचूप खाली घेतला. ज्याचा भाऊ आत आहे त्याला तत्त्व सांगून उपयोग काय ओ? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, यादवी युद्ध चालू असताना, सीएनटीचे चार जण चक्क मंत्री झाले, फेदेरिका मोंतसेनी आरोग्यमंत्री, गार्सिया ओलिव्हेर न्यायमंत्री. त्यांच्यातले लोक अजून त्यावरनं भांडतात. मला त्यात ढोंग दिसत नाही, अडचण दिसते.

आपलं पण बघा की. २०१८ आणि २०२३ दोन्ही विधानसभांना आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार नाही. २०२१ ला महापालिका पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर लढवली गेली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला. पूर्वी समितीचे आमदार विधानसभेत असताना प्रश्न सुटला नाही हे खरंच, पण तालुक्याच्या कामाला, कागद अडला तर, फोन करायला माणूस तरी होता.

परवा एक मावशी मला म्हणाल्या, मग आपली गल्लीची पंच कमिटीच बरी, तिथं मतदान नाही, भांडण नाही, सगळे मिळून ठरवतात. मी विचारलं, मावशी तुम्ही कधी बसलात पंचात? म्हणाल्या, छे, बायका कुठं बसतात, आम्ही आतनं चहा पाठवतो. झालं की मग! देवळाच्या जमिनीचा हिशोब, गणपतीची वर्गणी, भाऊबंदकीतली हद्द हे सगळं तिथं ठरतं आणि अर्ध्या गल्लीला दारामागनं ऐकावं लागतं, गावकुसाबाहेरच्यांचं तर विचारूच नका. मालातेस्तानं १९२० च्या दशकात लिहिलंय ना, बहुमताला अल्पमतावर हुकूम चालवायचा हक्क नाही आणि अल्पमताला बहुमतावर नाही, ते विधानसभेला जेवढं लागू तेवढंच पंचाच्या कट्ट्याला. आपण भाषेच्या बाबतीत अल्पमतात म्हणून पहिलं वाक्य आपल्याला पाठ, दुसऱ्या प्रसंगी आपणच बहुमत असतो तेव्हा विसरतो.

गांधीजी १९२४ ला इथंच टिळकवाडीत काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आयुष्यात एकदाच, ते बेळगावात. त्याच गांधींनी १९०९ च्या हिंद स्वराजमध्ये ब्रिटिश पार्लमेंटला इतके जहाल शब्द वापरले की त्यातला एक नंतर काढायला ते तयार झाले. एकच. बाकी टीका तशीच ठेवली.

मागनं चिठ्ठी आलीय, "सर, तुम्ही मत देता का?" देतो. ग्रामपंचायतीला तर आवर्जून देतो, कारण तिथला मेंबर घराबाहेर पडला की रस्त्यात सापडतो आणि ग्रामसभेत मागच्या ठरावाचं काय झालं ते तोंडावर विचारता येतं. विधानसभेला जातो ते जास्त वाईट माणूस येऊ नये म्हणून, आपला प्रश्न सुटेल म्हणून नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथं आपल्यातला कुणीच मतदार नाही. दुसरी चिठ्ठी आहे वाटतं, द्या इकडं.