पन्हाळा ते पावनखिंड : आषाढातली पायवाट

पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती ऐन पावसाळ्यातच करायची असते आणि तिचा सगळा कस त्या पावसातच आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा सुमारे चार महिन्यांचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळगडावरून विशालगडाकडे निघाले. त्या रात्रीच्या स्मरणार्थ दरवर्षी जुलैमध्ये डोंगरभटक्यांचे अनेक गट हा सुमारे ५० किलोमीटरचा पल्ला बहुधा दोन दिवसांत चालून जातात. नकाशावर हे अंतर छातीत धडकी भरवणारे वाटत नाही, उभे कातळकडेही या वाटेवर नाहीत. येथे माणसाला जेरीस आणतो तो चिखल.

गडावरील बाजीप्रभू देशपांडे यांच्या पुतळ्याला वंदन करून राजदिंडी या गडाच्या छोट्या दरवाजाने खाली उतरले, की म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठाराची चढण लागते. जांभ्या दगडाचे हे पठार इतके मोकळे आहे की वाऱ्यापावसाला कोठेच आडोसा नाही; पाऊस येथे वरून पडण्याऐवजी आडवा येतो, छत्र्या उलट्या होतात आणि धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो. अशा वेळी पुढच्याने थांबून हाळी द्यायची आणि शेवटच्याची ‘ओ’ ऐकू आल्याखेरीज पाऊल उचलायचे नाही, असे आम्ही मित्रांनी ठरवून घेतले होते. ज्याची चाल सर्वांत मंद त्याला आघाडीला ठेवले, कारण दमदार गड्यांना पुढे सोडले तर दुपारपर्यंत गटाचे तीन गट होतात.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्यांमधून वाट जाते. हे दिवस भाताच्या रोपलावणीचे असतात. खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेली माणसे प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून रोपे लावत असतात आणि आपली वाट असते बांधावरची, जेमतेम एका पावलाच्या रुंदीची. बांध ढासळला तर खाचरात अडवलेले पाणी निघून जाते, म्हणून येथे एकामागोमाग एकच रांग धरावी आणि घसरायची वेळ आली तर वाटेच्या बाजूला पडावे, रोपांवर पडू नये. घोषणा देत बांध तुडवत जाणारे काही जथे पाहिले, की ही शिकवण निघण्यापूर्वीच द्यायला हवी असे वाटते.

मुक्काम बहुधा करपेवाडी किंवा आंबेवाडीच्या आसपास पडतो. गरम आमटीभात पोटात गेल्यावर सर्वांचे लक्ष पायांकडे वळते. दिवसभर ओल्या मोज्यांत राहिलेले तळवे पांढरेफटक पडून सुरकुतलेले असतात. ते कोरडे पुसून, खोबरेल तेल चोळून, सुके मोजे चढवल्याशिवाय झोपू नये. भिजलेले चामडी बूट दुसऱ्या दिवशी मणाचे होतात, त्यापेक्षा साधे कॅनव्हासचे बरे.

दुसऱ्या दिवशी माळेवाडी, पाटेवाडी, पांढरपाणी असा जंगलाचा टप्पा असतो. आपले सामान टेम्पोतून पुढे गेलेले असते आणि चालणे दिवसाउजेडी असते. हीच वाट सुमारे सहाशे मावळ्यांनी अंधारात, पालखी वाहत, पाठलागाच्या धास्तीने कापली होती. शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले, त्यामुळे थोडा अवधी मिळाला होता. आपल्या चालण्याशी याची तुलना करण्याच्या मोहात न पडलेलेच बरे.

पुढे घोडखिंड येते. बाजीप्रभू आणि बांदल देशमुखांचे मावळे येथे शत्रूला थोपवून लढले आणि धारातीर्थी पडले, तेव्हापासून ती पावनखिंड झाली. खाली ओढ्यापर्यंत लोखंडी शिडीने उतरता येते. आमचे चालणे येथे संपले. महाराजांचे मात्र संपले नव्हते: विशालगडाच्या पायथ्याशी आदिलशाहीच्या बाजूच्या सुर्वे आणि दळवी या सरदारांचा वेढा होता, तो फोडूनच त्यांना गडावर जाता आले. तो टप्पा बहुतेक गट गाडीने करतात आणि आम्हीही तो गाडीनेच केला.