शंभर रुपयांची कपात

श्रोतेहो, नमस्कार.

खासदार दिल्लीत जाऊन करतात तरी काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा चिडून विचारला जातो. टीव्हीवर गोंधळ दिसतो, फलक दिसतात, आणि विषय तिथेच मिटतो. पण रेल्वे, टपाल, टेलिफोन, रेशन या रोजच्या सेवांचं बरं-वाईट ठरण्यात त्या सभागृहाचा वाटा मोठा असतो. तो कसा, हे समजून घ्यायला एकच माणूस पुरेसा आहे: प्राध्यापक मधु दंडवते.

दंडवते मूळचे अहमदनगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. 1971 साली ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि ती धरून सलग पाच निवडणुका जिंकले. त्यांच्या आधी तिथले खासदार होते बॅरिस्टर नाथ पै. कोकणात रेल्वे हवी, ही मागणी नाथ पैंनी लोकसभेत लावून धरली होती. जानेवारी 1971 मध्ये त्यांचं अकाली निधन झालं आणि मतदारसंघाबरोबर ती मागणीही दंडवत्यांकडे आली. त्या काळी कोकणातल्या माणसाला मुंबई गाठायची म्हणजे एसटी किंवा बोट. पावसाळ्यात बोटीही बंद.

आता, विरोधी बाकावरच्या सदस्याच्या हाती असतं काय? खर्चाचा अधिकार नाही, हाताखाली खातं नाही. असतात ती काही आयुधं, आणि ती वापरायला गृहपाठ लागतो. तारांकित प्रश्न घ्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. त्याची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेत एका दिवशी असे वीसच प्रश्न यादीत लागतात आणि प्रश्नोत्तराच्या तासात त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. छापील उत्तर मंत्र्यांच्या हातात तयार असतं. खरी परीक्षा होते ती उपप्रश्नाला, कारण तो आयत्या वेळी येतो. तिथे अभ्यास केलेला सदस्य आणि नुसता उभा राहिलेला सदस्य यांतला फरक सगळ्या सभागृहाला कळतो. उत्तराने समाधान झालं नाही, तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते.

माझं सगळ्यात आवडतं आयुध मात्र कपात सूचना. अर्थसंकल्पात प्रत्येक खातं आपल्या खर्चासाठी अनुदानाची मागणी मांडतं. सदस्य म्हणतो, या मागणीतून शंभर रुपये कमी करा. हजारो कोटींच्या आकड्यातून फक्त शंभर! ऐकायला पोरखेळ वाटतो. पण शंभर रुपये हे निमित्त असतं. त्या निमित्ताने एखाद्या स्थानकावर पाणी का नाही, एखादा मार्ग का रखडला, ही एखादी नेमकी तक्रार सभागृहाच्या कामकाजात येते आणि नोंदली जाते. सगळ्या धोरणालाच विरोध असेल, तर मागणी एक रुपयावर आणा, अशीही सूचना देता येते. ती मंजूर झाली तर सरकार अडचणीत येतं, म्हणून ती सहसा मंजूर होत नाही. मांडणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

बरेचसे सदस्य आयुष्यभर याच बाजूला बसतात. दंडवत्यांना दोन्ही बाजू पाहायला मिळाल्या. आणीबाणी आली तेव्हा एका संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते बंगळूरला होते. तिथेच त्यांना अटक झाली आणि पुढचे अनेक महिने तुरुंगात गेले. 1977 च्या मार्चमध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि ते रेल्वेमंत्री झाले. काल प्रश्न विचारणारा माणूस आज उत्तराला उभा.

त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो सामान्य प्रवाशाच्या अडचणीला. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर लाकडी फळ्या होत्या, त्यांवर फोमची गादी आली. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर चढवायचा, ही त्यामागची भूमिका. 26 डिसेंबर 1977 ला मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. वेगवान गाडी, आणि तिच्यात वर्गभेदच नाही. 1974 च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात नोकऱ्या गमावलेल्या कामगारांनाही त्यांनी परत घेतलं. समाजवादी माणसाच्या हाती रेल्वे आली की काय होतं, याचा हा नमुना. पटो न पटो, तो कोणाला टाळता आला नाही. रात्रभर फळीवर पाठ टेकलेल्या माणसाला तर नक्कीच पटला असणार.

कोकण रेल्वेला मात्र आणखी वाट पाहावी लागली. रुळ पनवेलहून आपट्याला आणि तिथून 1986 साली रोह्याला पोचले. पुढे सगळा सह्याद्रीचा पायथा, नद्या आणि बोगदे. खर्चाचा प्रश्न सुटत नव्हता. 1989 च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. तिजोरीची किल्ली एकाकडे, रुळांची दुसऱ्याकडे, आणि दोघेही जुने समाजवादी सोबती. 1990 च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. भागभांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6, आणि बाकीचा पैसा रोख्यांतून. अर्थसंकल्पावर सगळा भार टाकला असता तर काम किती वर्षं रेंगाळलं असतं, कोण जाणे. बांधणीचं श्रेय महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन आणि त्यांच्या इंजिनिअर-कामगारांचं. पण आधी कोणीतरी हा विषय वर्षानुवर्षं सभागृहाच्या कामकाजात जिवंत ठेवावा लागतो, हे आपण फार लवकर विसरतो. मतदार तर विसरतातच: 1991 च्या निवडणुकीत त्याच मतदारसंघात दंडवते पराभूत झाले. रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला खुला झाला, तेव्हा ते लोकसभेत नव्हते, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते.

आज चित्र थोडं बदललं आहे. 1924 पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प 2017 मध्ये मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. अनुदानाच्या अनेक मागण्या चर्चेविनाच एकगठ्ठा मतदानाला टाकल्या जातात. त्याला गिलोटिन म्हणतात, आणि मुंडकं उडवायच्या यंत्राचं हे नाव अगदी योग्य आहे. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं मिळाली. माझ्या मते हा तोटा सामान्य माणसाचा आहे, कारण गावच्या स्थानकाची तक्रार सभागृहात न्यायला तेवढीच तर वाट होती.

एक वाट मात्र अजून शाबूत आहे, आणि तिची फारशी वाच्यता होत नाही. मंत्री सभागृहात 'तपासून पाहू', 'विचाराधीन आहे' असं म्हणाले, की ते वाक्य हवेत विरत नाही. शासकीय आश्वासनांची एक समिती 1953 पासून लोकसभेत आहे. अशी वाक्यं ती वेगळी काढते आणि खात्याला ती तीन महिन्यांत पुरी करायला सांगते. मुदतवाढ मागितली जाते, कधी पुन्हा पुन्हा, पण समितीच्या संमतीशिवाय नोंद खोडली जात नाही. खासदारांची प्रश्नोत्तरं आणि या समितीचे अहवाल, दोन्ही संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. तुमच्या भागातली बस, टपाल कचेरी किंवा रेल्वे फाटक त्यांत कुठे आहे का, ते शोधायला एक दुपार पुरते.

नमस्कार.