परकी फौज कुठवर कामाची? मालीचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो. आजच्या बोलण्याची सुरुवात एका धावपट्टीपासून करू. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या मध्यावर सेव्हारे नावाचं गाव आहे. गाव लहान, पण धावपट्टी लांब, मालवाहू विमान उतरेल एवढी. १० जानेवारी २०१३ ला तिथून साठेक किलोमीटरवरचं कोना अतिरेक्यांच्या हाती गेलं. पुढचा मुक्काम सेव्हारे. ती धावपट्टी गेली असती, तर त्या भागात बाहेरून मोठी कुमक उतरवायला जागाच उरली नसती आणि राजधानी बामाकोचा रस्ताही मोकळा झाला असता. मालीचे हंगामी राष्ट्राध्यक्ष दिओनकुंदा त्राओरे यांनी पॅरिसकडे मदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रेंच हेलिकॉप्टरं गोळीबार करत होती. या मोहिमेचं नाव 'सर्व्हाल'. सर्व्हाल म्हणजे आफ्रिकेतलं एक रानमांजर.

तिथवर पाळी का आली, ते थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये लिबियात गद्दाफीची राजवट कोसळली. त्याच्या पदरी असलेले तुआरेग, म्हणजे सहारातल्या भटक्या जमातीचे, लढवय्ये हत्यारांसह मालीच्या उत्तरेत परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी बंड केलं. मार्चमध्ये बामाकोत लष्करानं सरकार उलथवलं, त्या गोंधळात उत्तर हातची गेली. मग अल-कायदाच्या जवळच्या गटांनी तुआरेग बंडखोरांनाच बाजूला सारलं. टिंबक्टूत संतांच्या कबरी फोडल्या गेल्या, चोरीच्या आरोपावरून लोकांचे हात तोडले गेले. तेव्हा फ्रान्सला कुणी बोलावलंच नव्हतं, असं म्हणता येत नाही. २०१३ च्या जानेवारीत बामाकोच्या रस्त्यांवर फ्रेंच झेंडे विकले जात होते.

सर्व्हालचा पहिला महिना लष्करी दृष्टीनं यशस्वी ठरला, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अतिरेकी तेव्हा फौजेसारखे लढत होते. पिकअप गाड्यांचे ताफे, मागच्या हौद्यात विमानवेधी तोफ, शेजारी इंधनाचे ड्रम. उघड्या वाळवंटात असा ताफा वरून लपत नाही. १३ जानेवारीला चार राफेल विमानं थेट फ्रान्समधल्या सॅं-दिझिए तळावरून उडाली, वाटेत हवेतच इंधन भरत उत्तर मालीतल्या गाओ शहराजवळची लक्ष्यं उडवून साडेनऊ तासांनी चाडची राजधानी एनजामेना इथं उतरली. २६ जानेवारीला गाओ, २८ ला टिंबक्टू, ३० ला किदालचा विमानतळ. सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास फ्रेंच जवान, शिवाय चाडचे सैनिक. डोंगराळ इफोघासमध्ये एकाच चकमकीत चाडचे वीसहून जास्त जवान गेले. फ्रान्सची बाजू मांडताना ही गोष्ट हटकून विसरली जाते.

एवढ्यावर थांबलं असतं, तर या मोहिमेकडे बोट दाखवायला फारशी जागा नव्हती. शत्रू उघड्यावर, देशाचं सरकार बोलावतंय, काम ठरलेलं. अशा वेळी बाहेरच्या फौजेनं जावं, असंच माझं मत आहे.

पण फौज तिथंच मुक्कामाला राहिली की तिचा खर्च बदलतो. पाण्याचंच घ्या. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चिलखत घालून फिरणाऱ्या जवानाला दिवसाला आठ-दहा लिटर पिण्याचं पाणी लागतं. चार हजार जवान धरले तर दिवसाला चाळीस टन नुसतं पाणी. त्यावर डिझेल, दारूगोळा, सुटे भाग. विमानानं नेणं परवडत नाही, म्हणून समुद्रकाठच्या आबिदजान बंदरातून ट्रक निघतात. मालीला स्वतःचा समुद्र नाही. वाळूत पुरलेला सुरुंग गस्ती गाडीइतकाच टँकरलाही गाठतो, म्हणून ताफ्यापुढं सुरुंग शोधणारी तुकडी चालते आणि सगळा ताफा तिच्या वेगानं सरकतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात कच्चा लाल रस्ता चिखल होतो, मग तोही वेग राहत नाही. फौजेचा मोठा हिस्सा स्वतःलाच पोसण्यात आणि राखण्यात गुंततो.

१ ऑगस्ट २०१४ ला सर्व्हाल संपली आणि 'बारखान' सुरू झाली. बारखान म्हणजे चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी, वाऱ्याबरोबर जागा सोडणारी. नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत होतं की काय, कोण जाणे. काम एका देशावरून पाच देशांवर गेलं: मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर आणि चाड. क्षेत्रफळ पन्नास लाख चौरस किलोमीटर. एकटा मालीच महाराष्ट्राच्या चौपट आहे. २०२० मध्ये जवान जास्तीत जास्त म्हणजे ५,१०० झाले. भागून पाहा: मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढा मुलूख होतो, त्याहून मोठ्या पट्ट्याला एक जवान.

आणि शत्रूनं तोवर पिकअप सोडून मोटरसायकल धरली होती. दोन माणसं, एक बंदूक, ती गवताच्या भाऱ्यात लपते. गस्तीची गाडी सकाळी गावात येते, डॉक्टर औषधं देतो, अधिकारी सरपंचाशी बोलतो, उन्हं कलायच्या आत गाडी तळावर परत. रात्री दोन मोटरसायकली येतात आणि विचारतात, आज साहेबाशी कोण बोललं? मोटरसायकलींवर बंदी घालूनही पाहिली. त्यानं बाजारहाट आणि दवाखान्याची वाट बंद झाली. बंदूकवाले फिरतच राहिले.

आता जरा नायजर नदीच्या आतल्या खोऱ्यात, मोप्ती भागात जाऊ, कारण खरी गोम तिथं आहे. पूर ओसरला की या खोऱ्यात 'बुर्गू' नावाचं गवत माजतं. पाण्यात वाढणारं, गुरांना अत्यंत पौष्टिक. फुलानी पशुपालक कोरड्या दिवसांत आपली गुरं तिथं आणतात. कुरणाचा वंशपरंपरागत कारभारी असतो, त्याला 'दिओरो' म्हणतात. आत यायची पाळी तो ठरवतो, शुल्क घेतो. जुन्या काळी हे शुल्क नाममात्र होतं; पुढं ते वाढत गेलं, आणि दिओरो, सरकारी अधिकारी, पुढारी यांच्या साखळीत लहान गुराख्याचा जीव मेटाकुटीला आला. कोर्टात गेला तर ज्याचा खिसा जड त्याचा निकाल. शेतकऱ्याशी वाद वेगळाच. कापणीनंतर गुरं शेतात बसवून खत मिळवायचा रिवाज तिथंही आहे, आपल्याकडे धनगरांचे वाडे बसतात तसा. पण नदीकाठची जमीन जसजशी भातासाठी नांगरली गेली, तशा गुरांच्या वाटा बुजल्या.

२०१५ च्या सुमारास आमादू कूफा या धर्मोपदेशकाची 'मासिना कतिबा' (कतिबा म्हणजे लढवय्यांची तुकडी) इथं उभी राहिली. तिनं बुर्गूच्या शुल्काला हात घातला, दिओरोंना दटावलं, काझी बसवून तंट्यांचे निकाल चार दिवसांत लावले. निकाल क्रूर असत, बायकांवर निर्बंध आले, शाळा बंद पडल्या. तरी ज्या गुराख्याला सरकारकडून काहीच मिळत नव्हतं, त्याला निकाल तरी मिळाला. राफेल विमानाकडे या प्रश्नाला उत्तर नाही. ज्यानं उत्तर द्यायचं, तो मालीचा तालुक्याचा अधिकारी २०१२ पासूनच पळत होता. परकी फौज असताना तो परत आला नाही, हीच बारखानची मोठी हार.

त्यात स्थानिक साथीदारांचा गुंता. किदालमध्ये फ्रेंचांनी २०१३ साली तुआरेग बंडखोरांना हाताशी धरलं, कारण ओलिसांची आणि अतिरेक्यांची माहिती त्यांच्याकडे होती. मालीच्या सैन्याला तिथं मोकळेपणी शिरू दिलं गेलं नाही. बामाकोत याचा अर्थ सरळ लावला गेला: फ्रान्स देश तोडतोय. मे २०१४ मध्ये पंतप्रधान मुसा मारा किदालला गेले, लढाई झाली आणि मालीचं सैन्य मार खाऊन परतलं. फ्रेंच झेंडे विकत घेणारी माणसं पुढं तेच झेंडे जाळू लागली, त्याची मुळं इथं सापडतात.

मध्य मालीत गावोगावी डोगॉन या शेतकरी जमातीच्या शिकाऱ्यांची सशस्त्र पथकं उभी राहिली. फुलानी म्हणजे अतिरेकी, असं समीकरण झालं. २३ मार्च २०१९ ला ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून जास्त माणसं कापली गेली. अशा प्रत्येक हत्याकांडानंतर कतिबाला नवी पोरं मिळाली. ३ जानेवारी २०२१ ला बुंती गावाजवळ फ्रेंच विमानांनी जमलेल्या माणसांवर बॉम्ब टाकले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत निघालं की ते लग्न होतं आणि मेलेल्या बावीस जणांत एकोणीस नागरिक होते. फ्रान्सनं ते कधीच मान्य केलं नाही. ड्रोनमधून पुरुषांचा घोळका दिसतो. वऱ्हाड की टोळी, हे सांगायला खाली माणूस लागतो.

म्होरके मारले गेले नाहीत असं नाही. जून २०२० मध्ये अल-कायदाचा अब्देलमालेक द्रूकदेल, २०२१ मध्ये इस्लामिक स्टेटचा अबू वलीद अल-सहरावी. पण २०१२ मध्ये जे उत्तर मालीपुरतं होतं, ते दहा वर्षांत बुर्किना फासो आणि नायजर ओलांडून बेनिन-टोगोच्या सीमेपर्यंत उतरलं.

हे ऐकताना श्रीलंका आठवली असेल. ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेनं जाफना शहर दोन-तीन आठवड्यांत घेतलं आणि पुढची दोन-सव्वादोन वर्षं गावांत आणि जंगलात सुरुंगांवर काढली. २५ नोव्हेंबर १९८७ ला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. अकराशेहून अधिक जवान गेले. बोलावणारे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने होते; त्यांच्या जागी आलेल्या प्रेमदासांनी निघून जा म्हटलं, इतकंच नाही तर शांतिसेनेशी लढणाऱ्या तमिळ वाघांना हत्यारंही पुरवली. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली.

यजमान बदलतो ही अडचण कुठल्याच करारात धरलेली नसते. मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ असे दोन उठाव झाले, कर्नल आसिमी गोइता सत्तेवर आले, डिसेंबर २०२१ पासून रशियाचे वॅग्नर भाडोत्री सैनिक उतरू लागले. १५ ऑगस्ट २०२२ ला शेवटचा फ्रेंच जवान मालीतून बाहेर पडला. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाही गेली, तीनशेहून अधिक जीव गमावून.

फ्रान्सचं चुकलं म्हणून रशियाचं जमलं, असं मात्र समजू नका. मार्च २०२२ मध्ये मुरा गावात मालीचे सैनिक आणि त्यांच्यासोबतच्या परक्या लोकांनी किमान पाचशे माणसं मारली, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालीच्या सैन्यानं वॅग्नरच्या साथीनं किदाल घेतलं, जुलै २०२४ मध्ये त्याच उत्तरेत तिनझावातेनला वॅग्नरची तुकडी कापली गेली. सप्टेंबर २०२५ पासून अतिरेक्यांनी सेनेगल आणि आयव्हरी कोस्टकडून येणारे इंधनाचे टँकर जाळायला सुरुवात केली. पेट्रोल नाही म्हणून देशभरच्या शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी १ जुलैला कायस भागातल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय कामगार पळवून नेले गेले, तेव्हा हे युद्ध आपल्या वर्तमानपत्रांत चार दिवस आलं.

फौज पाठवायची की नाही, हे ठरवताना सेनापतीच्या आधी महसूल खात्याच्या माणसाला विचारावं, असं मला वाटतं: गाव घेतल्यावर तिथं सही-शिक्का घेऊन कोण बसणार, त्याचा पगार कुठून, आणि कुरणाचा तंटा कोण सोडवणार? नाव सांगता येत असेल तर ताफे अडवायला जावं, आणि परतीची तारीख बोलावण्याच्या पत्रातच लिहून घ्यावी. नाव नसेल तर धावपट्टी राखावी, शेजारी देशांच्या सीमेवरच्या चौक्यांना इंधन, रेडिओ आणि पगार पुरवावा. हे दिसायला भव्य नाही. संसदेत टाळ्याही मिळत नाहीत.

चार राफेल विमानं ज्या एनजामेनाच्या तळावर उतरली होती, तो तळ फ्रान्सनं ३० जानेवारी २०२५ ला चाडच्या स्वाधीन केला. नमस्कार.