बाळाची बाटली घेताना

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापुरात महाद्वार रोडवर बाळंतविड्याची खरेदी निघाली की झबली-टोपड्यांसोबत दुधाची बाटलीही पिशवीत येते. आपण रंग बघतो, वरचं चित्र बघतो. माझी विनंती आहे, आधी तिचं बूड बघा. तिथं त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जरा दुधी दिसणारं. ७ म्हणजे ‘इतर’, आणि त्यातच येतं काचेसारखं लख्ख, टणक पॉलिकार्बोनेट. ते बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए या रसायनापासून बनतं. उकळतं पाणी आणि ब्रशची घासाघीस यांनी त्याचा अंश दुधात उतरतो, आणि शरीरात तो इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखा वागतो. म्हणून युरोपीय संघानं २०११ साली आणि अमेरिकेनं २०१२ साली अशा बाटल्या बंद केल्या. आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं मानकचिन्हाशिवाय दुधाची बाटली विकताच येत नाही. तेव्हा खोक्यावर ते मानकचिन्ह, म्हणजे आयएसआयचं चिन्ह नसेल, तर ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

‘बीपीए-फ्री’ लिहिलंय, मग झालं, असं मात्र समजू नका. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या. एका लिटरमागं १ कोटी ६२ लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. बाळावर त्यांचा काय परिणाम होतो, हे अजून ठरलेलं नाही. पण टाळता येतं ते टाळावंच.

पावडरचं दूध द्यावं लागत असेल, तर पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा. दूधही स्टीलच्या भांड्यातच कालवा. पावडरीतले जंतू मरायला पाणी किमान ७० अंश गरम लागतं, म्हणून कोमट पाण्यात कालवू नका. कालवलेलं दूध कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. बाटली मायक्रोवेव्हमध्ये कधीच ठेवू नका. उकळून काढलेली बाटली, स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्यानं तीनदा विसळा.

आणि आपल्या आज्ज्यांचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं आठवा! गुजरीत सराफांकडं चांदीचं मिळतं, भांड्यांच्या दुकानात स्टीलचं विचारा. त्याला ना प्लॅस्टिक, ना रबरी बूच, आणि उकळलं की स्वच्छ. नाहीतर घरची वाटी-चमचा आहेच. अर्थात पहिले सहा महिने आईचं दूध मिळत असेल, तर यातलं काहीच लागत नाही.

एक शेवटचं सांगते. चरे पडलेली, धुरकट झालेली बाटली टाकून द्या. थोरल्याची बाटली माळ्यावर जपून ठेवली असेल, तर ती धाकट्यासाठी खाली काढू नका.